आयर्न मॅनच्या छातीकडे नको, खांद्याकडे बघ

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: ‘टोनी स्टार्कचा सूट आज खरंच बनवता येईल का? येत नसेल तर अडतं कुठे, रिअ‍ॅक्टरवरच ना? आणि मला यातच काम करायचं असेल तर सुरुवातीला कोणती मोटर घेऊ?’

मला या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. पहिली बरीचशी पुण्याजवळ भोसरीत हायड्रॉलिक प्रेस आणि सिलिंडरवर गेली, मग सर्वो मोटर आल्या, आणि अलीकडची नऊ-दहा वर्षं माणसाच्या अंगावर चढवायची यंत्रं करतोय: कंबरेचे आधार, खांद्याचे आधार, गुडघ्याचे सांधे. त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून चार वेळा तरी येतो, आणि दर वेळी विचारणारा आयर्न मॅनच्या, म्हणजे टोनी स्टार्कच्या, छातीतल्या निळ्या दिव्याकडे, सूटला वीज पुरवणाऱ्या त्या रिअ‍ॅक्टरकडे, बोट दाखवतो. मी खांद्याकडे दाखवतो. का, ते सांगतो, पण आधी दिव्याचं उरकून घेऊ.

२००८च्या चित्रपटात गुहेत बसून स्टार्क पहिला रिअ‍ॅक्टर बनवतो आणि आकडा सांगतो: सेकंदाला तीन गिगाज्यूल. म्हणजे तीन गिगावॅट, ३००० मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. दीड कोयना या माणसाच्या बरगड्यांमध्ये बसली आहे! लोक विचारतात, एवढी वीज येणार कुठून. ते मी कथेला माफ करतो. मी विचारतो, उष्णता जाणार कुठे? समज, त्याने त्या ताकदीचा हजारावा भागच वापरला, म्हणजे ३ मेगावॅट. आणि समज, त्याची यंत्रणा ९९ टक्के कार्यक्षम आहे, जी आमच्या कुठल्याच यंत्राची नसते. तरी उरलेला एक टक्का म्हणजे ३० किलोवॅट झाले. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. असे पंधरा गीझर छातीला बांधून हा माणूस बंद डब्यात उभा आहे, आणि त्या डब्याला एक जाळीसुद्धा दिसत नाही. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढाही याला लागणार नाही.

उडण्याचा हिशेब तू वहीत स्वतः करून बघ, फार अवघड नाही. माणूस आणि सूट मिळून १५० किलो धरू. हवेत तरंगायला खाली सुमारे १४७० न्यूटन जोर हवा. दोन तळहात, दोन तळपाय, प्रत्येकी १० सेंटिमीटर व्यासाचं तोंड. एवढ्याशा तोंडातून तेवढा जोर काढायचा तर हवा सेकंदाला जवळपास २०० मीटर वेगाने, ताशी ७०० किलोमीटरने, बाहेर फेकावी लागते. त्याला लागणारी ताकद कुठलाही तोटा न धरता सुमारे १४५ किलोवॅट, म्हणजे दोनशेच्या आसपास अश्वशक्ती. आता वीस किलोची चांगली लिथियम-आयन बॅटरी पाठीवर घे, किलोला २५० वॅट-तास धर. पाच किलोवॅट-तास झाले. भागाकार कर: दोन मिनिटं. तीही कागदावर, कारण खरी बॅटरी इतक्या झपाट्याने उपसली तर तापून तिचंच काहीतरी व्हायचं.

म्हणूनच जे लोक आज खरोखर उडतायत ते बॅटरीच्या वाटेला गेले नाहीत. इंग्लंडच्या रिचर्ड ब्राउनिंगने २०१७ मध्ये दाखवलेला सूट छोट्या गॅस टर्बाइनवर चालतो, काही हातांवर, काही पाठीवर. रॉकेलसारख्या इंधनात किलोमागे साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, बॅटरीच्या जवळजवळ पन्नास पट. टर्बाइन त्यातलं बरंचसं वाया घालवते, तरी परवडतं. २०१९ मध्ये त्याने ताशी १३६.८९ किलोमीटरचा विक्रम केला. उड्डाण काही मिनिटांचंच. आणि एक गोष्ट नीट बघ: त्याच्या अंगावर चिलखत नाही. चिलखत घातलं तर वजन वाढेल, वजन वाढलं की इंधन वाढेल, इंधन वाढलं की पुन्हा वजन.

या बाबतीत जुनं कॉमिक चित्रपटापेक्षा प्रामाणिक होतं, असं माझं मत आहे. आयर्न मॅन पहिल्यांदा आला तो १९६३ च्या मार्चची तारीख असलेल्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९ व्या अंकात. कल्पना स्टॅन लीची, संवाद त्याचा भाऊ लॅरी लीबरचे, आतली चित्रं डॉन हेकची, मुखपृष्ठावरचा सूट जॅक कर्बीचा. तो राखाडी, बॉयलरसारखा दिसणारा पहिला सूट पुढच्याच अंकात सोनेरी झाला आणि वर्षअखेरीस स्टीव्ह डिटकोने त्याला लाल-सोनेरी सुटसुटीत केलं. त्या काळच्या गोष्टींत सगळी जादू ट्रान्झिस्टरची. बुटांना तर चक्क स्केटिंगची चाकं. हसू येतं, पण सपाट जमिनीवर चाकांइतकी स्वस्त चाल दुसरी नाही, हे कुठलाही रोबोटवाला तुला सांगेल. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या टोनीच्या छातीवरच्या पट्टीची वीज संपायची! हृदयाशी रुतलेल्या स्फोटाच्या तुकड्यांना थोपवून धरणारी ती पट्टी उतरत चालली की हा कोट्यधीश फरफटत भिंतीवरच्या प्लगपर्यंत जायचा आणि स्वतःला चार्जिंगला लावायचा. फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आल्यावर आपण करतो तसंच. पुढे लेखकांना त्याचा कंटाळा आला असावा. मला नाही आला.

आता खांदा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गिऱ्हाईकासाठी डोक्यावर हात करून काम करणाऱ्यांचा आधार बनवत होतो. गाडीच्या खाली उभं राहून बोल्ट आवळायचे, दिवसभर हात वर. कागदावर सोपं काम: खांद्याच्या बाजूला एक बिजागरी, त्यात स्प्रिंग, दंडाला पट्टा. बिजागरीचा मध्य खांद्याच्या गोळ्याच्या मध्याशी जुळवला, कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, हात वर-खाली करून बघितला, छान फिरला. आमचा एक जुना फिटर आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. त्याला घालायला दिला. वीस मिनिटांनी मामांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, हे मला उचलत नाहीये, ओढतंय.’ बाही वर केली तर दंडावर पट्ट्याच्या कडेने लालभडक वळ.

मी म्हटलं पट्टा अरुंद असेल. रुंद केला. वळही रुंद झाला. मग फोम घातला, तेव्हा फोम गुंडाळी होऊन काखेत गेला. शेवटी मामांनाच शर्ट काढून उभं केलं, खांद्याच्या टोकावर, गळपट्टीच्या हाडावर आणि पाठीवर मार्करने ठिपके काढले आणि हात वर नेताना मोबाइलवर चित्रण केलं. ते हळू करून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हात वर जाताना खांद्यावरचा ठिपका जागेवर राहतच नाही. तो वर जातो, आत जातो, थोडा मागे जातो. आपण ज्याला खांद्याचा सांधा म्हणतो तो एक सांधा नाहीच. हात सरळ खालून पूर्ण वर, १८० अंश नेताना साधारण १२० अंश खांद्याच्या गोळ्यात होतात, आणि उरलेले ६० अंश पाठीवरचा फरा बरगड्यांवरून घसरतो म्हणून मिळतात. मध्यच सरकतो. माझी बिजागरी मात्र होती तिथेच ठाम. हाडाचा मध्य एका वाटेने, लोखंडाचा दुसऱ्या वाटेने, आणि दोघांमधला फरक भरून काढायला मामांची कातडी.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या पोरांना हे दुसऱ्या वर्षाला माहीत असतं. मला पंधरा वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं. गुडघ्याचंही तेच. बाहेरून बिजागरी दिसते, आत मांडीचं हाड एकाच वेळी गडगडतं आणि घसरतं. म्हणून अनेक कृत्रिम पायांच्या गुडघ्यात एक पिन नसते, चार दांड्यांची जुळणी असते.

आता हीच चूक कितीतरी पट ताकदीने कर. मामांच्या आधारात एक साधी स्प्रिंग होती. स्टार्कच्या दंडात गाडी उचलणारा अ‍ॅक्चुएटर, म्हणजे सांधा हलवणारी यंत्रणा, आहे. तिथे दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर वळ उठत नाही, हात निखळतो. सूट जितका ताकदवान, तितका तो सांध्याच्या मापाला काटेकोर हवा, आणि माणसाचं माप सकाळी एक असतं, जेवल्यावर दुसरं.

कडक कवचात माणूस बसवायचा आणि तरी त्याला हलू द्यायचं, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी १५२० मध्ये पायी द्वंद्वाचं एक चिलखत घडवायला घेतलं होतं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये ते आहे. काख, कोपर, गुडघ्यामागची घडी, बैठक, सगळं एकावर एक सरकणाऱ्या पोलादी पट्ट्यांनी झाकलेलं, कुठे फट नाही. फ्रान्सच्या राजाबरोबरच्या सोहळ्यासाठी ते होतं, पण ऐन वेळी स्पर्धेचे नियम बदलले, पोलादी घागऱ्याचं चिलखत हवं असं ठरलं, आणि हे अर्धवट सोडून दुसरं जुळवावं लागलं. ड्रॉइंग मंजूर करून नंतर बदलणारं गिऱ्हाईक पाचशे वर्षांपूर्वीही होतं, एवढाच आम्हाला दिलासा. पुढे १९८० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात एएक्स-५ नावाचा अवकाश-पोशाख झाला, पूर्ण कडक, कापडाचा एकही सांधा नाही. त्यात खांदा म्हणजे तिरके कापलेले तुकडे आणि त्यांच्यामध्ये गोल बेअरिंगं. एक तुकडा फिरला की पुढचा फिरतो आणि हात वाट काढत वर जातो. त्याचे फोटो शोध आणि मग चित्रपटातल्या सूटचा खांदा बघ. पडद्यावर हात वर गेला की पत्रे कुठेतरी आत जातात. कुठे जातात? आत तर माणूस आहे!

आता नियंत्रण. अंगावरच्या यंत्राला कळायचं कसं की माणसाला हात उचलायचाय? बहुतेक ठिकाणी माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जोर मोजणारा सेन्सर असतो. तू किंचित ढकललंस की यंत्र ते मोठं करून करतं. जास्त मोठं केलं की काय होतं ते आमच्या शॉपमधला कुणीही सांगेल: हंटिंग. तू थांबलास, यंत्र एक क्षण उशिरा थांबलं, त्या क्षणात त्याने तुझाच हात ढकलला, ते ढकलणं सेन्सरला तुझी इच्छा वाटली, पुन्हा उलट. थरथर सुरू होते आणि वाढत जाते. जनरल इलेक्ट्रिकने १९६५ च्या सुमारास ‘हार्डिमन’ नावाचं अंगावर घालायचं यंत्र करायला घेतलं. उद्दिष्ट ६८० किलो उचलण्याचं, यंत्राचं स्वतःचं वजनही तेवढंच. काही वर्षांनी चाललं ते काय, तर एक हात, आणि तो जवळपास निम्मं वजन उचलायचा. सगळं एकत्र चालवायला गेलं की यंत्र बेफाम झटके द्यायचं, म्हणून माणसाला आत ठेवून ते पूर्ण कधी चालवलंच नाही. जे इंजिनिअर होते त्यांच्यात अक्कल कमी नव्हती. आतला माणूस हा त्यांच्या समीकरणात न मावणारा भाग होता.

चित्रपटात स्टार्क बुटांची पहिली चाचणी दहा टक्के जोरावर घेतो, स्वतःच्या पायात घालून, आणि उडून मागे छतावर आपटतो. टाळ्या पडतात. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर त्याला गेटबाहेर काढलं असतं. बूट आधी स्टँडवर उलटा बांधायचा, खाली जोर मोजणारा लोडसेल, दोन टक्क्यांपासून सुरुवात, आणि हाताशी लाल बटण. पण त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंग मला मनापासून आवडतो. हा फार उंच जातो, सूटवर बर्फ धरतो, सगळं बंद पडतं, हा दगडासारखा खाली येतो. परत आल्यावर पहिलं काम काय करतो? धातू बदलतो. आणि शेवटच्या मारामारीत शत्रूने मोठा सूट बनवलाय पण बर्फाची चाचणी घेतली नाही, हे हेरून त्याला उंच नेतो आणि गोठवून खाली पाडतो. टेस्ट रिपोर्टचा असा उपयोग करणारा दुसरा सुपरहिरो मला माहीत नाही.

लाल बटणावरून आठवलं. १९७९ च्या कॉमिकमधल्या एका मालिकेत जस्टिन हॅमर नावाचा शत्रू दुरून सूटचा ताबा घेतो. सगळ्यांसमोर तळहातातलं किरणांचं हत्यार, रिपल्सर, आपोआप सुटतं आणि एका राजदूताचा जीव जातो. टोनी आत बसून बघत राहतो. ती मालिका लोकांना त्याच्या दारूसाठी लक्षात आहे. मला लक्षात आहे ती एवढ्यासाठी की हत्याराचा ट्रिगर आणि हालचालीचं नियंत्रण एकाच वाटेवर होतं, मध्ये हाताने तोडता येईल असा इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेचा अडसर, नव्हता. साध्या पॉवर प्रेसला आम्ही दोन हातांची बटणं लावतो, का, तर एक हात आत राहू नये म्हणून.

आपटण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर तोडगा नाही. समज शंभर मीटरवरून पडलास. जमिनीला टेकताना वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. सूट अभंग आहे, छान. आत तुझ्या अंगाभोवती पाच सेंटिमीटर गादी आहे. त्या पाच सेंटिमीटरमध्ये तुला थांबायचंय: गुरुत्वाच्या सुमारे २००० पट झटका. अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेटच्या गाडीवर स्वतः बसले आणि ब्रेक लागताना त्यांनी ४६.२ पट सोसले. वाचले, पण डोळ्यांत रक्त उतरलं आणि काही काळ दिसेना. त्यांच्याइतकंच सोसायचं ठरवलं तरी तुला दोन मीटरहून जाड गादी हवी. चिलखत डोकं फुटू देणार नाही. कवटीच्या आत मेंदू आपटतो, त्याचं ते काही करू शकत नाही.

मग खरं काय आहे? अमेरिकेच्या विशेष मोहिमांच्या दलाने २०१३ मध्ये ‘टॅलॉस’ नावाचा प्रकल्प जाहीर केला, वर्तमानपत्रांनी लगेच त्याला आयर्न मॅन सूट म्हटलं. २०१९ मध्ये तो पूर्ण सूट न होताच संपला, सुटे सुटे काही भाग उपयोगी पडले. रेथिऑनचा २०१० चा एक्सओएस-२ माणसाला भरपूर वजन उचलू द्यायचा, पण हायड्रॉलिकची ताकद नळीतून बाहेरून यायची. दोरीला बांधलेला आयर्न मॅन. सगळ्यात सच्चं काम झालंय ते रुग्णांसाठी. जपानच्या त्सुकुबाहून आलेला ‘हॅल’ कातडीवरचे स्नायूंचे क्षीण विद्युत संकेत वाचून पाय हलवतो. कंबरेखाली लुळं पडलेल्यांना उभं करून चालवणाऱ्या इस्रायलच्या ‘रीवॉक’ला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. त्यांची चाल संथ असते. पण ती माणसं उभी राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतात.

आणि कारखान्यात सगळ्यात जास्त चालतं ते बिनमोटरचं. फोर्डने २०१८ मध्ये सात देशांतल्या १५ कारखान्यांत डोक्यावर हात करून काम करणाऱ्यांना जे जाकीट दिलं, त्यात बॅटरी नाही, फक्त स्प्रिंग. एका हाताला साधारण सव्वादोन ते पावणेसात किलोचा आधार. बस, एवढंच. पण चार तासांनी माणूस ते काढून फेकत नाही, आणि या धंद्यात पास-नापास तिथेच ठरतं.

अजून एक. कॉमिकमध्ये आणि चित्रपटातही पहिला सूट स्टार्क एकटा बनवत नाही, बरोबर यिन्सेन असतो. चित्रपटात तो डॉक्टर आहे. एकाला धातू कळतो, दुसऱ्याला शरीर. आपल्याकडे जयपूर फूट झाला तोही असाच, अस्थिशल्यचिकित्सक प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांमुळे. पुढच्या सूटमध्ये स्टार्क एकटाच असतो, आणि मला वाटतं म्हणूनच खांद्याचे पत्रे कुठे जातात हे त्याला कुणी विचारत नाही. तू एखादी फिजिओथेरपीवाली मैत्रीण किंवा मित्र शोध. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौथा मेकॅनिकलवाला घेण्यापेक्षा ते बरं.

आता तुझी मोटर. ती इतक्यात घेऊ नकोस. २५ मिलिमीटर रुंदीच्या दोन अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या आण, मध्ये एक बोल्ट घालून कोपराची बिजागरी कर, दंडाला आणि मनगटाला वेलक्रोचे पट्टे. मोटर नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. तो सकाळी घाल आणि संध्याकाळपर्यंत काढू नकोस. कॉलेजला जा, डबा खा, बाइक मात्र चालवू नकोस. रात्री काढल्यावर वळ कुठे उठलाय त्याचा फोटो काढ, बोल्ट कुठे सरकवला तर तो कमी होतो ते बघ, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाल. कोपर सगळ्यात सोपा सांधा आहे, तरी तुला आठवडा लागेल. तो जमला की मामांचा खांदा करायला घे. मोटर कोणती, हे मला त्यानंतर विचार, सांगतो.